जेआरडींना १९५३ सालीच घरी बसवलं?

जेआरडी टाटांनी उभ्या केलेल्या एअर इंडियाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘नेहरूंनी १९५३ साली कंपनी हिसकावली आणि जेआरडींना घरी बसवलं.’ यातलं अर्धंच खरं. राष्ट्रीयीकरण झालं, जेआरडींचा त्याला कडाडून विरोध होता, ते दुखावलेही. पण घरी कुठे बसले? सरकारी एअर इंडियाचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिलं, थेट १९७८ पर्यंत! त्यांना हटवलं ते मोरारजी देसाईंच्या सरकारने.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. १९४८ साली मुंबई-लंडन सेवा सुरू करणाऱ्या एअर इंडिया इंटरनॅशनलमध्ये पहिल्यापासूनच सरकारचे ४९ टक्के शेअर होते.

प्रवासी सेवेचा जो दबदबा आपले वडीलधारे सांगतात, तो बराचसा या सरकारी काळातलाच. अध्यक्ष स्वतः प्रवासात टिपणं काढायचे. जिनिव्हाहून विमानात चढणारा चहा रंगाने कॉफीपासून ओळखू येत नाही, अशी त्यांची एक लेखी तक्रार आहे. (चहाच्या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने!)

पुढची घसरगुंडी खरीच. पण तिची तारीख १९५३ नव्हे.