‘वी विल रॉक यू’ फ्रेडीचं नाही

फ्रेडी मर्क्युरी कोण, हे मराठी वाचकाला सांगायला नको. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, तिथल्या ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो वाजवणारा, पुढे लंडन आणि तिथल्या ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक. तो आपला वाटतो म्हणूनच घोटाळा होतो. क्वीनचं जे जे गाजलं ते त्यानंच रचलं, असं आपण धरून चालतो. दर ५ सप्टेंबरला, त्याच्या वाढदिवशी, त्याच्या फोटोखाली ‘वी विल रॉक यू’चे शब्द टाकलेले दिसतात आणि मला राहवत नाही. ते गाणं गिटारवाल्या ब्रायन मेचं आहे. फ्रेडीचं ते त्याला लागून येणारं, ‘वी आर द चॅम्पियन्स’.

दोन्ही १९७७ची. अल्बमवर पाठोपाठ, सिंगलच्या, म्हणजे छोट्या रेकॉर्डच्या, दोन बाजूंना, रेडिओवरही एका दमात. त्यामुळे बऱ्याच जणांना ते एकच गाणं वाटतं. पण क्वीनमध्ये १९८९च्या ‘द मिरॅकल’पर्यंत बहुतेक प्रत्येक गाण्याखाली रचणाऱ्याचं नाव वेगळं छापलं जायचं, या दोन्हींखालीही. म्हणजे यात वादाला जागाच नाही.

आणि छापलेलं नाव बाजूला ठेवलं तरी कानाला फरक कळतो. १९७७मध्ये स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमधला कार्यक्रम संपला तेव्हा प्रेक्षकच फुटबॉलच्या मैदानावरचं एक गाणं गायला लागले. मे विचारात पडला: खेटून उभ्या असलेल्या गर्दीला करता काय येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, ओरडून गाता येईल. बस्स, तेवढ्यावर गाणं उभं राहिलं. धप, धप, टाळी, आणि चौथी मात्रा मोकळी.

यात ड्रम नाहीत. बेससुद्धा नाही. गिटार येते ती शेवटाकडे. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, चर्चच्या जुन्या इमारतीत, लाकडी फळ्यांवर पाय आपटून ते पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलं. मग एकावर एक थर चढवताना मेनं प्रत्येकाला थोडा उशीर दिला, आणि तो मूळ संख्यांच्या हिशेबानं. उशीर एकमेकांच्या पटीत नसल्यामुळे घुमल्यासारखा प्रतिध्वनी येत नाही. जवळ-दूर उभी असलेली हजारो माणसं ऐकू येतात. हे डोकं भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचं. याच मेनं अर्धवट सोडलेली खगोलशास्त्रातली पीएचडी २००७मध्ये पूर्ण केली.

‘चॅम्पियन्स’ पियानोवर बसलेल्या गायकाची रचना. चाल सहा मात्रांची, दादऱ्यासारखी झुलणारी, आणि कडवं असं वर चढत जातं की गळा नसेल तर तिथेच अडकायला होतं. ध्रुवपद मात्र सगळ्यांना गाता येतं, आणि फ्रेडीला तेच हवं होतं. शेवटी ध्रुवपदातलं ‘ऑफ द वर्ल्ड’ येतं की नाही यावर लोक भांडतात. मूळ रेकॉर्डवर अगदी शेवटी येत नाही. १९८५च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात त्यानं ते म्हटलं होतं.

मला स्वतःला मेचं गाणं जास्त आवडतं. शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही ते बाकावर वाजवायचो: दोनदा मूठ, एकदा तळवा. ज्याचा हात चौथ्या मात्रेवर पडायचा त्याच्याकडे सगळे वळून बघायचे. हल्ली गॅदरिंगमध्ये त्याच जागी ड्रमचा भरणा करतात. कृपा करून ती मोकळी सोडा.