हायस्कूल पाचवीपासूनच का सुरू होतं?

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत चौथी झाली की मुलांसमोर दोन वाटा असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतच सातवीपर्यंत राहायचं, नाहीतर संस्थेच्या हायस्कूलला पाचवीत नाव घालायचं. पाचवी ते सातवी हे तीन वर्ग दोन्हीकडे असल्यामुळे दरवर्षी जूनच्या आधी दोन्हीकडचे शिक्षक पटासाठी घरोघरी फिरताना दिसतात. ही विचित्र दुहेरी रचना कुणी ठरवून केलेली नाही. ती इंग्रजांच्या काळातल्या दोन शिड्यांमधून आली आहे.

पहिली शिडी मराठी शाळेची. सात इयत्ता आणि शेवटी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे लोकांच्या तोंडी नुसती ‘फायनल’. फायनल पास झालेल्याला शाळामास्तर होता येई, तलाठ्याची नोकरी मिळे. खेड्यातल्या हुशार मुलाचं शिक्षण बहुधा इथेच संपे. दुसरी शिडी इंग्रजी शाळेची. मराठी चौथी करून इंग्रजी पहिलीत बसायचं, सात वर्षं काढायची आणि मॅट्रिकला बसायचं. चार अधिक सात, एकूण अकरा. जुन्या चरित्रांत कुणी ‘इंग्रजी पाचवीत’ होता असं वाचलं तर ती आजची नववी समजावी. फायनल करून मग इंग्रजी शिकायला निघालेल्या मुलाची वर्षं वाया जात, आणि खर्च तर अनेकांना झेपतच नसे.

मॅट्रिक ही खरं तर शाळेची परीक्षाच नव्हती. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये निघालं आणि 1859 मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. हायस्कूलात काय शिकवायचं हे त्यामुळे कॉलेजला काय हवं यावर ठरत गेलं. संस्कृतला जो मान मिळाला त्यातही या परीक्षेचा वाटा मोठा. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. चिंतामणराव देशमुखांनी ती 1912 मध्ये मिळवली. पुण्यात 1880 साली चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं ते स्वदेशी बाण्याने, पण मॅट्रिकपासून त्यांचीही सुटका नव्हती. शाळा कुणाचीही असो, तिचा लौकिक मॅट्रिकच्या निकालावरच तोलला जाई.

ही शिडी गावाकडच्या मुलांपर्यंत नेण्याचं काम उशिरा झालं. रयत शिक्षण संस्थेने 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केलं, तेही मोफत. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात बाराशे रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली. ‘ईबीसी’, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची सवलत, हा शब्द त्या पिढीला पाठ आहे. माझ्या मते महाराष्ट्राच्या हायस्कूलांत यापेक्षा मोठा बदल दुसऱ्या कुठल्याच निर्णयाने झाला नाही. अभ्यासक्रम बदलण्याने तर नाहीच.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात मॅट्रिक गेली आणि विद्यापीठापासून वेगळ्या मंडळाची एसएससी आली, पण ती अकरावीलाच. त्याच सुमारास पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवण्यात आलं. म्हणजे ज्या विषयासाठी हायस्कूल पाचवीला सुरू होत होतं तो विषयच तिथून उठला, वर्ग मात्र राहिले. इमारती होत्या, शिक्षक होते, अनुदान होतं. इंग्रजी पुढे पाचवीत परत आलं आणि 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना थेट पहिलीत गेलं.

विदर्भ मध्य प्रांताच्या आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या व्यवस्थेतून आलेले, त्यामुळे राज्य झालं तरी परीक्षा एक नव्हती. 1965 च्या कायद्याने राज्य मंडळ झालं, ते 1 जानेवारी 1966 पासून कामाला लागलं. पाठोपाठ 27 जानेवारी 1967 ला बालभारती.

मग देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाच्या शिफारशीतला दहा-दोन-तीनचा आकृतिबंध आला, म्हणजे दहावीपर्यंत शाळा, मग दोन वर्षं अकरावी-बारावी आणि तीन वर्षं पदवी. 1975 मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी परीक्षेला बसली. बारावीची पहिली परीक्षा 1977 ला. हायस्कूलचा वरचा वर्ग गेला आणि ज्यांच्याकडे ऐपत होती त्या संस्थांनी ‘ज्युनिअर कॉलेज’ची पाटी लावली. जुन्या अकरावीत गणित अवघड जाणाऱ्याला सोप्या गणिताची वाट होती. नव्या दहावीत बीजगणित, भूमिती आणि विज्ञान सगळ्यांनाच आलं. तत्त्व म्हणून ते योग्यच होतं. पण गणिताचा शिक्षक नसलेल्या शाळांत त्याचा अर्थ नापासांची रांग एवढाच झाला. कोठारींनीच सुचवलेला कार्यानुभव वेळापत्रकात आला खरा, पण बऱ्याच शाळांत तो तास गणिताने किंवा इंग्रजीने खाल्ला.

शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्ये पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी विभागणी केली. चौथी आणि सातवी या दोन्ही जुन्या सीमा त्यात बसत नाहीत. म्हणूनच पाचवीचा वर्ग प्राथमिकला जोडायचा म्हटलं की हायस्कूलचे शिक्षक अतिरिक्त ठरायच्या धास्तीने विरोध करतात, आणि आठवी जिल्हा परिषदेला जोडायची म्हटलं की संस्थाचालक उठतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नववी ते बारावी हा एकच टप्पा आहे, म्हणजे 1975 ला शाळेबाहेर पडलेली अकरावी कागदावर तरी परत शाळेत आली आहे.