जपानला एका सत्रासाठी जाताना: गोव्यातील अर्ज कुठे अडतात

विद्यापीठांमधील देवाणघेवाण कराराखाली जपानमध्ये एखादे सत्र शिकण्यासाठी लागणारी पात्रता साधी आहे: विद्यार्थी येथे नोंदणीकृत असावा, त्याच्या विभागाची शिफारस असावी आणि तेथील विद्यापीठाची गुणांची व भाषेची अट त्याने पूर्ण केलेली असावी. गुणपत्रिका आणि शिफारसपत्र वेळेवर मिळतात. अर्ज परत येतात ते दुसऱ्याच कारणांनी.

पहिले कारण म्हणजे नाव. आपल्याकडे एकाच घरात जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाने, दहावीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजी वळणाने लिहिलेले आढळते, आणि वडिलांचे नाव कुठे मधे असते, कुठे नसते. अर्जातील प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवरील नावच अक्षरशः तसेच लिहावे. मुळातच दुरुस्ती हवी असेल तर १९९० च्या नाव व आडनाव बदलाच्या गोवा कायद्याची वाट धरावी लागते. ती वेळखाऊ असल्याने निवड जाहीर होण्याची वाट न पाहता सुरुवात करावी.

दुसरा कागद बऱ्याच घरांत नसतोच: खर्च उचलणाऱ्या व्यक्तीच्या उत्पन्नाचा पुरावा. वडील बोटीवर नोकरीला असले आणि अनिवासी ठरत असले, तर त्यांनी येथे आयकर विवरणपत्र भरलेले नसते, आणि नेमके तेच मागितले जाते. अशा वेळी नोकरीचा करार, पगाराच्या नोंदी असलेले बँक खात्याचे उतारे आणि शिल्लक रकमेचे बँकेचे पत्र एकत्र जोडून, विवरणपत्र का नाही याचे छोटे स्पष्टीकरण द्यावे. मुदत ठेवीची पावती एकटी पुरत नाही. आदल्या आठवड्यात कोणाकडून तरी उसनी घेऊन खात्यात भरलेली मोठी रक्कम तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

तिसरी चूक मुदतीची, आणि ती सर्वांत महाग पडते. व्हिसाआधी तेथील विद्यापीठ जपानच्या इमिग्रेशन विभागाकडून विद्यार्थ्यासाठी ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’, म्हणजे व्हिसासाठी लागणारे पात्रतेचे प्रमाणपत्र, मिळवते. त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात. हे प्रमाणपत्र सामान्यतः दिल्याच्या तारखेपासून तीन महिनेच चालते आणि त्या अवधीत जपानमध्ये प्रत्यक्ष प्रवेश करावा लागतो. पुष्कळ जण ही व्हिसाच्या अर्जाची मुदत समजून निवांत राहतात. त्यात जपानचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, तर आपल्या सत्र परीक्षा साधारण त्याच सुमारास येतात. परीक्षेबाबतची सवलत आणि तेथील श्रेयांक (क्रेडिट) येथे ग्राह्य धरण्याची संमती विभागाकडून आधीच लेखी घ्यावी. तोंडी ‘बघूया’ला कार्यालयात काहीच किंमत नसते, आणि संमती देणारे प्राध्यापक मे महिन्यात सुट्टीवर असतात.

तेथे पोहोचल्यावर राहण्याचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत तो स्थानिक नगरपालिकेत नोंदवावा लागतो. अर्धवेळ काम करायचे असेल तर वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि सत्र चालू असताना आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते.