पक्ष नकोत म्हणणाऱ्यांचे पक्ष

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा कुठेही उल्लेख नाही. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ती लिहायला बसलेल्यांच्या लेखी पक्ष म्हणजे कंपूबाजी होती. इंग्लंडच्या संसदेतली कंपूबाजी त्यांना पुरेशी ठाऊक होती, आणि तसलं काही आपल्याकडे नको यावर एरवी कडाक्याने भांडणाऱ्यांचंही एकमत होतं. राष्ट्राध्यक्ष निवडायची रीत याच समजुतीवर बेतली गेली. प्रत्येक निर्वाचकाने (राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांतून नेमलेल्या माणसाने) दोन माणसांना मत द्यायचं, कोण कुठल्या पदासाठी हे लिहायचं नाही. ज्याला सर्वांत जास्त मतं, आणि तीही बहुमताइतकी, तो राष्ट्राध्यक्ष; त्याच्या खालचा उपराष्ट्राध्यक्ष. १७८९ मध्ये मत देणाऱ्या सगळ्या, म्हणजे ६९ निर्वाचकांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना एक-एक मत दिलं, आणि रीत छान चालते असा सगळ्यांचा समज झाला.

तो समज फार टिकला नाही. फ्रान्समधल्या क्रांतीवरून अमेरिकेत दोन तट पडले असं पुष्कळदा सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. पहिली फूट पडली ती कर्जावरून, आणि फ्रान्स-इंग्लंडचं युद्ध सुरू व्हायच्या तीन वर्षं आधी.

स्वातंत्र्ययुद्ध उधारीवर लढलं गेलं होतं. मध्यवर्ती सरकारच्या डोक्यावर सुमारे ५.४ कोटी डॉलरचं कर्ज होतं आणि राज्यांचं मिळून आणखी २.५ कोटींच्या आसपास. सैनिकांना पगाराऐवजी कागद मिळाले होते, ‘पुढे केव्हातरी देऊ’ असं लिहिलेले रोखे. घरी परतलेल्या शेतकऱ्याला रोकड हवी होती. त्याने ते कागद दलालाला मिळेल त्या भावाने विकले. डॉलरमागे पंधरा-वीस सेंट मिळाले तरी पुष्कळ. जानेवारी १७९० मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी संसदेपुढे योजना मांडली: ज्याच्या हातात आज रोखा आहे, त्याला पूर्ण दर्शनी किमतीचा मोबदला द्यायचा. बातमी फुटताच दलालांची माणसं दक्षिणेकडच्या आडगावांत उरलेसुरले रोखे गोळा करायला धावली. (रोख्यांत पैसा घालणाऱ्यांत उपराष्ट्राध्यक्षांच्या पत्नी अबिगेल अ‍ॅडम्सही होत्या, आणि त्यांना तो व्यवहार नवऱ्यापेक्षा चांगला कळत होता.)

जेम्स मॅडिसन उभे राहिले ते इथे. हेच मॅडिसन दोन वर्षांपूर्वी हॅमिल्टनबरोबर राज्यघटनेच्या समर्थनार्थ लेखामागून लेख लिहीत होते. आता त्यांचं म्हणणं असं की ज्याने रक्त सांडलं त्या मूळ धारकालाही वाटा मिळाला पाहिजे. हॅमिल्टनचं उत्तर रुक्ष पण भक्कम होतं: विकलेल्या कागदावरचा हक्क घेणाऱ्याकडे गेला नाही, तर उद्या या सरकारच्या कागदाला कोणी हात लावणार नाही. सभागृहाने मॅडिसन यांची सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली. न्याय मॅडिसनकडे होता आणि हिशेब हॅमिल्टनकडे, असं मला वाटतं. पुढची दहा वर्षं देश या दोहोंत ओढला गेला.

राज्यांची कर्जं केंद्राने अंगावर घ्यावीत, हा योजनेचा दुसरा भाग आणखी अडला. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज फेडलं होतं. मॅसॅच्युसेट्सचं थकलं होतं. आम्ही फेडलं ते दुसऱ्यांचं भरण्यासाठी का, हा व्हर्जिनियाचा प्रश्न होता. एप्रिलमध्ये प्रस्ताव दोन मतांनी पडला. मग जूनमध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांना न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं आणि तिथे तोड निघाली. दक्षिणेने कर्जाला आडवं यायचं नाही, बदल्यात राजधानी दहा वर्षं फिलाडेल्फियात आणि नंतर कायमची पोटोमॅक नदीकाठी. ही हकीकत आपल्याला मुख्यतः जेफरसन यांच्याच लेखणीतून कळते. पुढे त्यांनी लिहिलं की हॅमिल्टनने आपल्याला गंडवलं. राजधानी मात्र त्यांच्या व्हर्जिनियाच्या उंबऱ्याशी आली.

पुढच्या वर्षी राष्ट्रीय बँकेवरून उरलीसुरली भीड गेली. घटनेत बँक काढण्याचा अधिकार कुठे लिहिलाय, असं जेफरसन विचारत होते. लिहिलेले अधिकार वापरायला लागेल ते साधन त्यांतच आलं, असं हॅमिल्टनचं म्हणणं. वॉशिंग्टननी फेब्रुवारी १७९१ मध्ये सही केली. त्याच वर्षी फिलिप फ्रेनो या कवीने सरकारवर तुटून पडणारं वृत्तपत्र काढलं. हे गृहस्थ त्या वेळी जेफरसन यांच्याच खात्यात भाषांतरकार म्हणून वर्षाला २५० डॉलर घेत होते. मंत्रिमंडळात बसून मंत्रिमंडळाविरुद्धचं पत्र पोसायचं, वर पक्षबाजीचा तिटकाराही दाखवायचा! हॅमिल्टनही मागे नव्हते. त्यांच्या बाजूच्या पत्राला सरकारी छपाईची कामं मिळत होती.

यानंतर फ्रान्स-इंग्लंडचं युद्ध आलं, अमेरिकेचे दूत जॉन जे यांनी इंग्लंडशी केलेला तह आला आणि दोन्ही गटांना नावं चिकटली: हॅमिल्टनचे फेडरलिस्ट, जेफरसनचे रिपब्लिकन. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी या दुसऱ्या नावाचा संबंध नाही. सप्टेंबर १७९६ मध्ये वॉशिंग्टननी निरोपाच्या पत्रात पक्षांपासून सावध राहायला सांगितलं. त्या पत्राचा पहिला मसुदा १७९२ मध्ये मॅडिसननी केला होता आणि अखेरचा मजकूर बराचसा हॅमिल्टनचा होता.

१७९६ च्या निवडणुकीत फेडरलिस्ट जॉन अ‍ॅडम्स यांना ७१ मतं पडली, जेफरसनना ६८. म्हणजे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, उपराष्ट्राध्यक्ष विरोधी. त्यात १७९८ मध्ये फ्रान्सशी समुद्रावर चकमकी सुरू झाल्या आणि फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, संसद किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० डॉलरपर्यंत दंड. यादीत उपराष्ट्राध्यक्ष नव्हते. जेफरसनना हवं ते म्हणायला मोकळीक होती. व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात बसले आणि तिथूनच पुन्हा निवडून आले.

१८०० ची निवडणूक अशा हवेत झाली. बहुतेक राज्यांत निर्वाचक विधिमंडळं निवडत, म्हणून खरी लढत राज्याराज्यांत झाली. न्यूयॉर्क शहरात जेफरसनचे जोडीदार उमेदवार ठरलेल्या अ‍ॅरन बर यांनी घरोघर याद्या करून विधिमंडळ जिंकून दिलं आणि तिथली १२ मतं जेफरसनकडे वळवली. दुसराही एक आकडा जेफरसनच्या कामी आला, ज्याची चर्चा शाळेच्या पुस्तकात क्वचित होते. राज्याच्या प्रतिनिधींची, आणि त्यावरून निर्वाचकांची, संख्या ठरवताना गुलामांची मोजणी तीन-पंचमांश धरली जाई. त्यांना मत नव्हतं, पण त्यांच्या मालकांच्या राज्यांना जास्त निर्वाचक मिळत. ही भर नसती तर अ‍ॅडम्स जिंकले असते, असं अनेक इतिहासकार मांडतात.

निकाल लागला तो असा: जेफरसन ७३, बर ७३, अ‍ॅडम्स ६५. रिपब्लिकन निर्वाचकांनी शिस्तीने दोन्ही मतं आपल्याच दोघांना दिली होती, एकाने एक मत मुद्दाम वाया घालवायचं राहून गेलं. पक्षशिस्त गृहीत न धरलेली रीत पक्षशिस्तीनेच अडकली. ११ फेब्रुवारी १८०१ रोजी मतांची पाकिटं उघडली ती उपराष्ट्राध्यक्ष, म्हणून सिनेटचे (संसदेच्या वरच्या सभागृहाचे) अध्यक्ष, या नात्याने खुद्द जेफरसन यांनी. बरोबरी झाल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, एका राज्याला एक मत, १६ पैकी ९ हवीत. गृह जुनंच होतं, म्हणजे फेडरलिस्टांच्या बहुमताचं. पहिल्या फेरीत जेफरसनना ८ राज्यं, बरना ६, उरलेल्या दोन राज्यांचे प्रतिनिधी समसमान दुभंगलेले. आजारी असलेल्या मेरीलँडच्या जोसेफ निकल्सन यांना बर्फातून उचलून आणलं. त्यांच्या मतामुळे ते राज्य दुभंगलेलं राहिलं. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, आकडा हलेना.

हॅमिल्टन बाहेरून पत्रांवर पत्रं लिहीत होते: जेफरसनचे विचार मला पटत नाहीत, पण त्यांना विचार तरी आहेत, बर धोकादायक आहेत. डेलावेअरचं एकमेव मत जेम्स बेयर्ड या फेडरलिस्टाच्या हाती होतं. नौदल आणि सार्वजनिक कर्ज यांना हात लावणार नाही असा शब्द मिळाल्यावर आपण नमलो, असं बेयर्डनी नंतर शपथेवर सांगितलं. असा शब्द दिल्याचं जेफरसननी ठामपणे नाकारलं. १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत काही फेडरलिस्ट बाजूला झाले आणि जेफरसनना १० राज्यं मिळाली. त्यांनी हॅमिल्टनची कर्जयोजना मोडली नाही, फेडत मात्र आणली.

१८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन पदांसाठी वेगळी मतं केली. मात्र बहुमत न झाल्यास प्रतिनिधिगृहात राज्यागणिक एक मत ही तरतूद तशीच ठेवली. १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ निर्वाचक मिळाले, जॉन अ‍ॅडम्स यांचे चिरंजीव जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सना ८४. बहुमत कोणालाच नव्हतं, आणि फेब्रुवारी १८२५ मध्ये गृहाने १३ राज्यांच्या मतांनी अ‍ॅडम्सना निवडलं. ती तरतूद आजही घटनेत आहे.