जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि मधले २७.४६ मिलिमीटर

चित्रपटगृहांतून रिळं गेली, डिजिटल प्रोजेक्टर आले, आणि जुन्या प्रोजेक्टरचं लोखंड किलोच्या भावानं भंगारात निघालं. त्याच्यासोबत दोन्ही तोंडांना काचा असलेली जाडजूड नळकांडीही गेली. सिनेमाच्या कोल्हापुरात अशी नळकांडी निघाली नसती तरच नवल. ती टेबलावर कागद दाबायला बरी पडतात, हे खरं. पण त्यांतली काही जर्मनीतल्या श्नायडर किंवा इस्को या कंपन्यांची, एफ/२ च्या आसपासची, म्हणजे भरपूर प्रकाश घेणारी भिंगं असतात. ती आजच्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यावर बसवता येतात, आणि त्यासाठी लागणारं कडं शिवाजी उद्यमनगरातल्या साध्या लेथवर निघतं.

चित्र पडद्यावर फेकणारी लेन्स चित्र टिपेल कशी? प्रकाश ज्या वाटेनं फिल्मवरून पडद्याकडे जातो, त्याच वाटेनं तो उलटाही येतो. ल्युमिएर बंधूंच्या १८९५ सालच्या यंत्रात चित्रण आणि प्रक्षेपण एकाच पेटीतून व्हायचं, ते याच जोरावर. शिवाय प्रोजेक्टरची लेन्स दूरच्या पडद्यासाठी घडवलेली असते, त्यामुळे दूरची माणसं-झाडं टिपायला ती आपसूकच सोयीची ठरते. जुन्या फोटो स्टुडिओतल्या एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडणाऱ्या यंत्राची, लेन्स हातभर अंतरावरच्या कागदासाठी बनवलेली असते. ती फुलं, किडे, नाणी अशा जवळच्या कामात जास्त खुलते.

बसवण्याचा सगळा प्रश्न अंतराचा आहे. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जिथं टेकते ते कडं आणि सेन्सर यांत ठरलेलं अंतर असतं. जुन्या रशियन, जपानी आणि पूर्व जर्मन कॅमेऱ्यांत चालणाऱ्या एम४२, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाच्या, आट्यांसाठी ते ४५.४६ मिलिमीटर. एवढी जागा लागायची, कारण मध्ये आरसा हलायचा. २००८ मध्ये पॅनासॉनिकनं बिनआरशाचा जी१ आणला आणि ही जागा मोकळी झाली. सोनीच्या ई माउंटमध्ये (माउंट म्हणजे कॅमेऱ्याचं लेन्स बसण्याचं तोंड) हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे. म्हणजे एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर मध्ये २७.४६ मिलिमीटरचं पोकळ कडं घाला, काम झालं. काच नको, वायर नको.

उलट बाजूनं हे जमत नाही. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं अंतर ४६.५ मिलिमीटर. तिथं एम४२ लेन्स १.०४ मिलिमीटर आत जायला हवी, आणि धातूच्या कड्याची जाडी शून्याच्या खाली नेता येत नाही. तरीही लावलीच, तर ५८ मिलिमीटरची हेलिओस ही जुनी रशियन लेन्स साधारण सव्वातीन मीटरपर्यंतच फोकस होते. चेहऱ्यांचे फोटो निघतात, रंकाळ्यापल्याडचा शालिनी पॅलेस धूसरच राहतो. दुरुस्तीसाठी मध्ये काच घातलेले अ‍ॅडॅप्टर, म्हणजे जोडकडी, मिळतात, पण त्यांतल्या स्वस्त काचा जुन्या भिंगाची मजाच घालवतात. त्यापेक्षा कॅमेरा बदललेला बरा.

हे सव्वातीन मीटर आले कुठून? भिंगाचं नाभीय अंतर (लेन्सच्या नावातला ५८, ५० असा मिलिमीटरचा आकडा) घ्या, त्याचा वर्ग करा आणि लेन्स जितकी जास्त पुढं सरकली आहे त्यानं भागा. ५० मिलिमीटरच्या लेन्सखालचं कडं हवं त्यापेक्षा ०.१ मिलिमीटर जास्त जाड निघालं, तर २५०० भागिले ०.१, म्हणजे २५,००० मिलिमीटर. पंचवीस मीटरांच्या पलीकडचं जग त्या लेन्सला स्पष्ट दिसणार नाही. २८ मिलिमीटरच्या रुंद लेन्सला तोच दोष पावणेआठ-आठ मीटरांवर अडवतो. म्हणूनच बाजारातली बरीच अ‍ॅडॅप्टर मुद्दाम केसभर पातळ बनवतात. त्यांवर लेन्स अनंताच्या, म्हणजे सगळ्यांत दूरच्या फोकसच्या, थोडी पुढंच फिरते, पण अलीकडे अडत नाही.

इथं सुतात बोलून भागत नाही. पण ऑइल इंजिन आणि पंपांच्या भागांवर हात बसलेल्या उद्यमनगरच्या टर्नरला मिलिमीटरचा पन्नासावा भाग राखणं नवीन नाही. तो आधी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, विचारतो, आणि ते उत्तर चुकवू नये. एम४२ लेन्सचे आटे १ मिलिमीटर पिचचे असतात. टेलिस्कोपकडे चालणारा ४२ चाच दुसरा आटा ०.७५ चा. दोन्ही सारखेच दिसतात, एखादा फेरा बसतात आणि मग जाम होतात. कॅमेऱ्याच्या बाजूचं खाचांचं तोंड लेथवर करत बसण्यात अर्थ नाही. तेवढं तयार अ‍ॅडॅप्टर विकत घ्यावं आणि नळकांड्यापासून एम४२ पर्यंतचं कडंच तेवढं घडवून घ्यावं. आतून ते काळं, बिनचमकीचं करावं, नाहीतर चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमवरून परतलेला प्रकाश अख्ख्या फोटोवर पांढुरकी झाक आणतो.

कोल्हापूरला हे सगळं परकं वाटू नये. इथल्या पेंटर बंधूंपैकी आनंदराव कॅमेरा घडवण्याच्या खटपटीत असतानाच १९१६ मध्ये गेले, त्यानंतर बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून स्वदेशी कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट १९२० मध्ये आला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्याच वारशाचा आहे.

प्रोजेक्टरच्या लेन्सला मात्र नुसतं कडं पुरत नाही. तिच्यात फोकस फिरवायची सोय नसते, छिद्र लहान-मोठं करणारी पाती नसतात. आधी अंतर मोजावं लागतं. खिडकीत उभं राहून जोतिबाच्या डोंगरासारखं दूरचं काही पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि ते स्पष्ट झालं की लेन्सची मागची कड ते कागद मोजायचं. (सूर्याकडे धरू नका. हे भिंग कागद पेटवतं, सेन्सरही जाळतं.) त्यातून कॅमेऱ्याचे १८ मिलिमीटर वजा केले की उरलेल्या जागेत हेलिकॉइड, म्हणजे आट्यांवर पुढं-मागं होणारी नळी, बसवायची. १०० मिलिमीटरची लेन्स एक मीटरवर फोकस करायची तर ती सुमारे ११ मिलिमीटर पुढं यावी लागते. तेवढी चाल हेलिकॉइडमध्ये हवी.

एवढा खटाटोप कशासाठी, तर या भिंगांच्या दोषांसाठी. प्रोजेक्टरच्या अनेक लेन्स जोसेफ पेट्झवालनं १८४० मध्ये मांडलेल्या रचनेच्या वंशातल्या आहेत. दोन भिंगजोड्या, भरपूर प्रकाश, मधोमध धारदार चित्र. पण चित्र सपाट न पडता वाटीच्या आतल्या बाजूसारख्या वक्र पृष्ठावर पडतं, त्यामुळे सपाट सेन्सरच्या कडा मऊ होतात. त्यात कडेकडून येणारा प्रकाश नळीच्या पुढच्या आणि मागच्या काठांत कापला जातो. मागचे दिवे गोल न राहता बदामी आकाराचे होतात आणि मधल्या माणसाभोवती फेर धरून उभे राहतात. लहान सेन्सरवर नेमक्या याच कडा छाटल्या जातात, म्हणून ही लेन्स पूर्ण आकाराच्या सेन्सरवरच वापरावी असं माझं मत.

दुसरा दोष त्याहून देखणा. तीन भिंगांच्या जुन्या लेन्समध्ये, उदाहरणार्थ मायर कंपनीच्या ट्रायोप्लानमध्ये आणि स्लाइड प्रोजेक्टरच्या कित्येक लेन्समध्ये, गोलीय दोष (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळणं) दुरुस्त करताना तो गरजेपेक्षा जास्त दुरुस्त झालेला असतो. कडेतून गेलेले किरण मग मागच्या धूसर ठिपक्याच्या परिघावर गोळा होतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळावरची रोषणाई अशा लेन्सनं पार्श्वभूमीला घ्या. प्रत्येक दिव्याचा साबणाचा फुगा होतो, आतून फिका आणि काठाला लख्ख. तेच दिवे माणसाच्या पुढं आले तर मात्र मऊ, विरघळल्यासारखे दिसतात, कारण तिकडे हिशेब उलटा होतो. आजच्या लेन्समध्ये असे दोष संगणकानं निपटून काढलेले असतात. तक्रार नाही, पण सगळ्यांचे फोटो मग एकाच घरचे वाटतात.

घेताना लेन्स टॉर्चसमोर तिरकी धरावी. जाळीसारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते, आणि तिच्यातून पाझरणारी आम्लं काचेवरचा लेप खातात. कोवळी बुरशी पुसता येते, कोरले गेलेले डाग जात नाहीत. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढाच खर्च. काच पिवळी दिसली तर मात्र घाबरू नये. पेंटॅक्स कंपनीच्या टाकुमार नावाच्या काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे, त्याच्या किरणांनी काच पिवळी पडते आणि काही दिवस उन्हात ठेवली की बरीच निवळते. ती फोडू किंवा घासू नये, बाकी वापरायला हरकत नाही.

भंगारात आणखी एक वस्तू हाती लागू शकते: सिनेमास्कोपची जोड-लेन्स. फिल्मवर आडवं दाबलेलं चित्र पडद्यावर दुप्पट रुंद करायला ती प्रोजेक्टरच्या लेन्सपुढं बसायची. कॅमेऱ्याच्या लेन्सपुढं लावली की ती उलटं काम करते: रुंद दृश्य आडवं दाबते, जे नंतर संगणकावर ताणून घ्यायचं. दिवे उभट, अंडाकृती होतात, मोटारींच्या हेडलाइटमधून आडव्या रेषा निघतात. जोड-लेन्स आणि मूळ लेन्स दोन्ही वेगवेगळ्या फोकस कराव्या लागतात, म्हणून पळत्या पोरांचं चित्रण तिनं करायला जाऊ नये. ओळखायची रीत सोपी. डोळ्याला लावून समोरच्या माणसाकडे बघत नळी हळूहळू फिरवा. त्याचा चेहरा एकदा उंचाडा आणि एकदा पसरट दिसला, तर भंगारवाल्यानं वजन सांगायच्या आत पैसे देऊन मोकळं व्हा.