घरगुती बिअरचे केगिंग : कार्बोनेशन व उपकरणांतील बिघाड

घरी आंबवलेली बिअर बाटल्यांऐवजी पोलादी केगमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद पिंपात) भरायची, सिलिंडरमधल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने तीत वायू विरघळवायचा आणि त्याच दाबाने ती तोटीतून काढायची, या पद्धतीला केगिंग म्हणतात. ती मुख्यतः अमेरिकेत रुजली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने झालेल्या कायद्यामुळे घरगुती बिअरला तेथे संघराज्याच्या पातळीवर मुभा मिळाली. पुढे शीतपेयांचा पाक खोक्यातल्या पिशव्यांतून येऊ लागला, तेव्हा त्या धंद्यातले सुमारे १९ लिटरचे ‘कॉर्नेलियस’ केग स्वस्तात हौशी लोकांच्या हाती पडले. पेप्सीवाल्यांचे ‘बॉल लॉक’ आणि कोका-कोलावाल्यांचे ‘पिन लॉक’ हा केगला नळ्या जोडण्याच्या तऱ्हांमधला भेद त्या धंद्यातूनच आला. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे १९४९च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे तेथे हा छंद परवान्याशिवाय राजरोस करता येत नाही.

केगमधल्या तक्रारी दिसायला अनेक असल्या, तरी त्यांचे प्रकार दोनच : वायू कमी-जास्त विरघळणे आणि नीट विरघळलेला वायू ओतताना निसटणे. नवशिका या दोहोंची गल्लत करतो. पेला फेसाने भरला की बिअरमध्ये वायू जास्त झाला असे समजून तो रेग्युलेटर (सिलिंडरमधून येणारा दाब ठरवणारी झडप) खाली आणतो. मग नळीतच वायू सुटू लागतो, फेस वाढतो आणि दोन-चार दिवसांत केगमधली बिअरही मिळमिळीत होते.

किती वायू विरघळेल हे दाब आणि तापमान मिळून ठरवतात. विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम येथे लागू होतो. प्रमाण मोजतात ते ‘व्हॉल्यूम’मध्ये; एका लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू मावला, तर ते अडीच व्हॉल्यूम. बहुतेक एल (उबदार तापमानाला आंबवलेल्या बिअर) २.२ ते २.६ व्हॉल्यूमच्या असतात. इंग्लंडची पिंपातली एल दोनच्याही खाली राहते, तर जर्मन गव्हाची बिअर तिनाच्या वर जाते. ३ ते ४ अंश सेल्सिअसला सुमारे १२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब ठेवला, तर अडीच व्हॉल्यूम मिळतात. तेवढ्याच वायूसाठी २० अंशांना २८ ते ३० पीएसआय लागतात. म्हणून बिअर मिळमिळीत लागली, तर आधी थर्मामीटर पाहावा, तोही बिअरमध्ये बुडवून, कारण फ्रिजमधली हवा आणि केगच्या पोटातली बिअर यांच्या तापमानात पहिला दिवसभर बराच फरक असतो. नेमलेल्या दाबावर केग एक-दोन आठवडे तसाच ठेवणे सर्वांत भरवशाचे. ३० पीएसआयवर केग हलवून तासाभरात काम उरकण्याची युक्ती चालते, पण अंदाज चुकला की वायू जास्त होतो. मग सिलिंडरची जोडणी काढून सुरक्षा झडपेतून थोड्या थोड्या वेळाने दाब सोडत बसावे लागते.

वायू योग्य असूनही फेस येत असेल, तर नळी तपासावी. ३/१६ इंच आतील व्यासाची व्हिनाइल नळी १२ पीएसआयला साधारण अडीच ते साडेतीन मीटर लागते. तिच्या घर्षणात दाब खर्ची पडतो आणि बिअर शांतपणे बाहेर येते. नळी आखूड असेल, तर नुसता फवारा उडतो. पहिला पेला फेसाळ आणि पुढचे ठीक असतील, तर तोटीकडची नळी गरम झालेली असते. दाबाला हात लावण्याचे कारण नाही. नळीत सतत बुडबुडे चढताना दिसले, तर डिप ट्यूबच्या (केगच्या तळातून बिअर वर आणणाऱ्या नळीच्या) माथ्याची छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, पाहावी. ती फाटली की वरचा वायू थेट बिअरच्या वाटेत घुसतो. चार आण्यांची ही रिंग सोडून लोक रेग्युलेटर बदलतात, हे नवल आहे. प्रवाह अडखळत असेल, तर बहुधा हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळ अडकलेला असतो. केगच्या बिअर निघण्याच्या तोंडाला क्षणभर वायू जोडून तो मागे ढकलता येतो. बॉल लॉकमध्ये सहसा राखाडी जोड वायूचा आणि काळा बिअरचा असतो; उलटे बसवले तर ते अडकून बसतात.

गळती साबणाच्या पाण्याने सापडते. कॉर्नेलियस केगचे झाकण कमी दाबाला नीट बसत नाही. म्हणून झाकणाच्या रिंगला खाद्य-दर्जाचे सिलिकॉन ग्रीस लावून आधी ३० पीएसआय द्यावेत, झाकण घट्ट झाले की दाब उतरवावा. केगमध्ये दाब असताना झाकण उघडू नये. सिलिंडरच्या दाबमापकाच्या काट्यावर मात्र विसंबू नये. आत वायू द्रवरूपात असतो, त्यामुळे शेवटचा थेंब वाफ होईपर्यंत काटा जागचा हलत नाही, आणि सिलिंडर फ्रिजमध्ये नेला तर भरलेला असूनही काटा उतरतो. किती उरले ते वजन करूनच कळते. रात्रीतून सिलिंडर रिकामा झाला, तर वायूच्या नुकसानीपेक्षा तो गेला कुठे याची चिंता करावी. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, बंद तळघरात खाली साचतो आणि जीवघेणा ठरू शकतो. अशा खोलीत खिडकी-दार उघडल्याशिवाय शिरू नये.