मलम आणि क्रीम: घोळ कुठे होतो?

मलम सगळ्यांच्या ओळखीचं. व्हॅसलीनसारखं चिकट, कपड्याला तेलकट डाग पाडणारं. घोळ क्रीमचा. ‘क्रीम म्हणजे पातळ मलम’ हे ऐकून कान किटले. पातळपणाचा इथे संबंधच नाही, सगळा खेळ पाण्याचा आहे: क्रीम म्हणजे तेल आणि पाणी एकजीव केलेलं मिश्रण.

इमल्सिफाइंग ऑइंटमेंट या मलमाचं ब्रिटिश फार्माकोपियातलं, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथातलं सूत्र घ्या. 100 ग्रॅममध्ये इमल्सिफाइंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं मेण) 30, पांढरं सॉफ्ट पॅराफिन 50, लिक्विड पॅराफिन 20. पाण्याचा थेंब नाही. यातलं 30 ग्रॅम घ्यायचं, 69 ग्रॅम शुद्ध पाण्यात 1 ग्रॅम फिनॉक्सिइथेनॉल विरघळवून ते त्यात मिसळायचं, की झालं अ‍ॅक्वस क्रीम. मिसळण्याआधी दोन्ही भांडी, वितळलेल्या ऑइंटमेंटचं आणि पाण्याचं, साधारण 60 अंश सेल्सिअसवर हवीत. पाणी गार राहिलं तर मेण जागीच थिजतं आणि गुठळ्या उरतात. थंड होईपर्यंत सावकाश ढवळायचं. घुसळलंत तर हवा शिरते.

फिनॉक्सिइथेनॉल कशाला? पाणी आलं की जंतूंची सोय झाली, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह. पाणी नसलेल्या मलमात ही धास्ती फार कमी. तेव्हा क्रीममध्ये पाणी घालून ते सैल करणं, दोन ट्यूबा कालवून डबीत भरून ठेवणं हे उद्योग करू नका. प्रिझर्व्हेटिव्ह विरळ होतं, क्रीम फाटतं. पाणी सुटलेली ट्यूब सरळ फेकून द्या.

‘नळाखाली धुतलं गेलं तर क्रीम’ ही चाचणीही फसवी. वरचं इमल्सिफाइंग ऑइंटमेंट त्यातल्या वॅक्समुळे धुतलं जातं. उलट जुन्या पद्धतीच्या कोल्डक्रीममध्ये पाण्याचे थेंब तेलात असतात, म्हणून ते पाण्याने सहज निघत नाही. ट्यूबवर काय छापलंय ते वाचा.

आता हे कोकणातल्या पायांवर. लावणीला दिवसभर चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी आधीच भिजून पांढरी पडलेली. वर मलम थापलं की ओल आतच कोंडते. पाय धुवा, बेचक्या नीट पुसून कोरड्या करा, मग डॉक्टरांनी दिलेलं क्रीम पातळ लावा. भेगाळलेल्या टाचेला नेमकं उलट हवं, तिथे ओल कोंडणं हेच काम. घरचं कोकमतेल या हिशेबाने मलमच: पाणी जवळपास शून्य, 40 अंशांच्या आसपास वितळणारं, म्हणून एरवी गोळा होऊन बसलेलं. वितळवून कोमट झालं की रात्री भेगांत भरायचं.

जेल, लोशन यांत कोणी फारसं चुकत नाही. पेस्ट म्हणजे पावडर ठासून भरलेलं मलम: कंपाउंड झिंक पेस्टमध्ये झिंक ऑक्साइड 25 टक्के, स्टार्च 25 टक्के, बाकी सॉफ्ट पॅराफिन.

सगळ्यात डोकं फिरवणारं वाक्य काउंटरवरचं: ‘क्रीम नाहीये, ऑइंटमेंट न्या, एकच आहे.’ एकच नाही. तेच स्टेरॉइड, तेवढेच टक्के, तरी मलमातून बहुधा जास्त जोरात लागतं, कारण मलम कातडीवर झाकण घालतं. चिठ्ठीत क्रीम लिहिलं असेल तर क्रीमच मागा. दुकानात ते नसेल तर दुकानदाराला डॉक्टरांना फोन करायला सांगा.